एकाच पडद्याचे अनेक कारभारी

धाराशिव जिल्ह्यात आज ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे, त्याच्या हातात बहुतेक वेळा लिनक्स आहे. अँड्रॉइडच्या तळाशी कर्नल असतो तो लिनक्सचाच. कळंबच्या आठवडी बाजारात एखाद्या आजोबांच्या खिशातून बटणांचा जिओफोन निघाला, तर त्याच्या काय-ओएसखालीही लिनक्स. उमरग्यातल्या घरी एलजीचा किंवा सॅमसंगचा स्मार्ट टीव्ही सुरू झाला, तिथेही लिनक्स. तुळजापूरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एखाद्या पोराने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकले असेल, तर तो उघड उघड लिनक्सवाला. पाया सगळ्यांचा एक आहे, पण पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम मात्र ज्याचा त्याचा वेगळा. अँड्रॉइडवर ते काम सर्फेसफ्लिंगर करतो, जिओफोनवर गेको नावाचे ब्राउझरचे इंजिनच करते, या टीव्हींवर वेलँड चालते, आणि लॅपटॉपवर उबुंटूची आवृत्ती कोणती त्यानुसार एक्स किंवा वेलँड. मध्यंतरी मीर नावाचा आणखी एक दावेदार उभा राहिला आणि चारच वर्षांत त्याने वाट बदलली.

विंडोज वापरणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. पडदा कोणी सांभाळायचा हे मायक्रोसॉफ्टने ठरवले, विषय संपला. लिनक्सवर मात्र एकाच कामाला इतके उमेदवार का? ‘लिनक्सवाल्यांचे आपसात कधी पटतच नाही’ हे नेहमीचे उत्तर चारचौघांत खपून जाते, पण ते फार थोडे सांगते. यातला प्रत्येक प्रोग्रॅम एका विशिष्ट काळातल्या यंत्रासाठी आणि विशिष्ट गरजेसाठी लिहिला गेला. यंत्रे बदलली, गरजा बदलल्या, आणि जुन्या उत्तरांशेजारी नवी उत्तरे येऊन बसली. यातला मोठा भाग आपल्या देवनागरीच्या अनुभवावरूनही समजून घेता येतो, कारण ही व्यवस्था कुठे अपुरी पडत होती ते आपल्या लिपीने लवकर दाखवून दिले.

पडद्याचा कारभार म्हणजे काय

आजच्या साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. दर ठिपक्याला चार बाइट धरले, तर एका चित्रासाठी सुमारे ८३ लाख बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइटची ने-आण. त्यात पडदा एकच आणि मागणारे अनेक. ब्राउझर, टंकलेखनाचा प्रोग्रॅम, व्हिडिओ, बॅटरीची खूण, माउसचा बाण, सगळ्यांना जागा हवी असते. कोणाची खिडकी वर, कोणाची खाली? दाबलेली कळ कोणाला द्यायची? अर्धवट काढलेले चित्र डोळ्यांना दिसू नये याची काळजी कोणी घ्यायची? या सगळ्या प्रश्नांचा निवाडा करणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेल्या लिनक्स कर्नलमध्ये हे काम नव्हते आणि आजही नाही. कर्नल प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी वाटून देतो, उपकरणांशी बोलतो. खिडक्यांचे राजकारण त्याने वरच्या थरावर सोडले आहे. त्यामुळे लिनक्समध्ये हा थर पहिल्यापासून सुटा राहिला. सुटा भाग बदलता येतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. एकाहून अधिक डिस्प्ले सर्व्हर असण्याचे पहिले कारण ही रचनाच आहे. इतर कारणे मात्र इतिहासात शोधावी लागतात.

एमआयटीतला एक्स

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८३ साली डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यापीठभर वेगवेगळ्या बनावटीचे संगणक बसवायचे आणि विद्यार्थ्याला कुठल्याही यंत्रावरून काम करता यावे, असा त्याचा हेतू होता. यासाठी सर्व यंत्रांवर चालेल अशी खिडक्यांची व्यवस्था हवी होती, आणि ती बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी घडवली. स्टॅनफर्डमध्ये डब्ल्यू नावाची एक व्यवस्था तयार झाली होती. शायफ्लर यांनी ती घेऊन बरीच बदलली आणि जून १९८४ मध्ये नवी व्यवस्था जाहीर केली. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतर एक्स येतो, म्हणून तिचे नाव एक्स. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. मूळ संकेतांचा तो अकरा आकडा आजवर बदललेला नाही.

त्या काळी संगणकाची ताकद महाग होती. प्रोग्रॅम एका मोठ्या यंत्रावर चालायचा आणि त्याची खिडकी दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर उमटायची. दोन यंत्रांमधल्या तारेतून अख्खे चित्र पाठवणे परवडणारे नव्हते, म्हणून एक्सने हुकूम पाठवण्याची पद्धत ठेवली. ‘इथून तिथपर्यंत रेघ ओढ’, ‘हा चौकोन भर’, ‘या फाँटमधले अमुक क्रमांकाचे अक्षर तमुक जागी ठेव’ असे छोटे हुकूम प्रोग्रॅमने द्यायचे, प्रत्यक्ष रेखाटन पडद्याजवळचा सर्व्हर करणार. खिडकीची चौकट कशी दिसावी, ती कशी सरकावी, यात मात्र एक्सने लक्ष घातले नाही. ते काम त्याने विंडो मॅनेजर या वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवले. एवढ्या सैल रचनेमुळेच एक्स कुठल्याही यंत्रावर बसवता आला.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला एक्सफ्री-८६ या प्रकल्पाने एक्स साध्या पीसीवर आणला आणि लिनक्सला तयार पडदा मिळाला. २००४ मध्ये या प्रकल्पाने आपल्या परवान्याच्या अटी बदलल्या. अनेक लिनक्स वितरकांना त्या मान्य नव्हत्या. मग जुन्या परवान्यातला कोड घेऊन एक्स-डॉट-ऑर्गच्या छत्राखाली नवी शाखा निघाली आणि बहुतेक सगळे तिकडे गेले. हे भांडण चित्र कसे काढावे यावरून झाले नव्हते, ते कागदावरच्या अटींवरून झाले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अटी पटल्या नाहीत तर कोड उचलून वेगळी चूल मांडता येते. या मोकळीकीचा परिणाम पुढेही वारंवार दिसतो.

एक्स किती दूरवर पोहोचला याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातला भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांना मिळालेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि १२०० गुणिले ९०० ठिपक्यांचा साडेसात इंची पडदा होता. त्यावर फेडोरा लिनक्स, त्यावर एक्स आणि सगळ्यात वर मुलांसाठी बनवलेले शुगर. या उपक्रमाच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते जिम गेटिस, म्हणजे एक्सच्या दोन जनकांपैकी एक. अथेनाच्या प्रयोगशाळेतली व्यवस्था तेवीस वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेत चालत होती. गंमत अशी, की वीज वाचवण्यासाठी या यंत्रात डीकॉन नावाची स्वतंत्र चिप होती. प्रोसेसर झोपी गेला तरी पडद्यावरचे चित्र ही चिप धरून ठेवायची. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणात पडद्याची गरज वेगळी असते, हे गेटिस यांच्याच लॅपटॉपने दाखवले.

देवनागरीने पाहिलेली कसोटी

एक्सच्या मूळ रचनेत अक्षरे सर्व्हर काढायचा. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला एक ठरलेले चित्र, आणि ती चित्रे डावीकडून उजवीकडे एकापुढे एक. इंग्रजीला हे पुरेसे होते. मराठीत ते पहिल्याच शब्दाला अडखळते. ‘धाराशिव’ लिहिताना ‘श’ आधी आणि वेलांटी नंतर टाइप होते, पण कागदावर वेलांटी ‘श’च्या आधी उमटते. ‘वर्ष’मधला ‘र’ आधी उच्चारला जातो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘किल्ला’त दोन ‘ल’ जोडले जातात. ‘दऱ्या’मध्ये ‘र’चे वेगळेच रूप लागते. अक्षरांचा क्रम बदलणे, जोडाक्षरे घडवणे, काना-मात्रा योग्य जागी बसवणे हे सगळे चित्र काढण्याआधी कोणीतरी करायला हवे. ते कोणी करायचे, सर्व्हरने की प्रोग्रॅमने?

मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला पहिला मार्ग धरून पाहिला. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिच्या इंडिक्स प्रकल्पाने भारतीय लिप्यांची समज थेट एक्सच्या थरातच घातली. विचार साधा आणि मोहक होता. एकाच ठिकाणी दुरुस्ती केली, की वरच्या सगळ्या प्रोग्रॅमना न बदलता मराठी-हिंदी येऊ लागेल. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांची जोडही या संस्थेला होती. विंडोजमधला मंगल फाँट त्यांच्याच हातचा, आणि मुक्त परवान्यातला रघु हा देवनागरी फाँटही.

जगाने मात्र दुसरा मार्ग निवडला. कीथ पॅकार्ड यांनी २००० च्या सुमारास एक्सला रेंडर नावाची जोड दिली. तिच्यामुळे प्रोग्रॅमला अक्षरांची मऊ कडांची चित्रे स्वतः तयार करून सर्व्हरकडे देता येऊ लागली. २००२ मध्ये लिप्या जुळवणारी पँगो ही लायब्ररी पहिल्या पक्क्या आवृत्तीत आली. पुढे हार्फबझ या लायब्ररीने ते काम आणखी नीट केले. जोडाक्षरे घडवण्याची जबाबदारी अशी प्रोग्रॅमच्या बाजूला गेली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने बनवलेले लोहित फाँट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांची मोठी सोय झाली.

देवनागरीसाठी अपरिहार्य असलेला हा बदल हळूहळू सगळ्यांचाच झाला. इंग्रजी अक्षरेही आता प्रोग्रॅमच घडवू लागले. बटणे, सावल्या, गोलसर कोपरे, व्हिडिओ, सगळे प्रोग्रॅम स्वतःच रंगवून देऊ लागले. रेघ ओढण्याचे आणि अक्षर ठेवण्याचे एक्सचे मूळ हुकूम बहुतांशी पडून राहिले.

मधला माणूस

तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस इथे आठवतो. लोकांना लिहिता येत नव्हते तोवर तो हवाच होता. लोक सांगायचे, तो लिहायचा. पुढे लोक घरूनच छापलेले अर्ज घेऊन येऊ लागले. तरीही प्रत्येक कागद आधी अर्जनवीसाच्या हातात द्यायचा, त्याने तो दुसऱ्याकडे मांडणीला पाठवायचा, तिथून परत त्याच्याकडे, आणि मगच खिडकीत, असा नियम राहिला तर काय होईल? २००५ नंतरच्या लिनक्स डेस्कटॉपवर नेमके हेच होत होते.

त्या सुमारास खिडक्यांना पारदर्शकता आणि हालचाल देणारे कॉम्पोझिटर आले. सगळ्या खिडक्यांची चित्रे एकत्र करून अंतिम चित्र तयार करणे हे त्यांचे काम. प्रोग्रॅम आपले चित्र एक्सला देणार, एक्स ते कॉम्पोझिटरला देणार, कॉम्पोझिटर जुळवणी करून पुन्हा एक्सला, आणि तिथून पडद्याकडे. माउसची टिचकी कोणत्या खिडकीवर पडली याचा निवाडा एक्स करायचा, पण ती खिडकी पडद्यावर खरोखर कुठे आणि कशी दिसते हे फक्त कॉम्पोझिटरला माहीत असायचे.

एक्सचे खालचे कामही याच काळात हातातून गेले. पूर्वी एक्स सर्व्हर सर्वाधिकार घेऊन थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून पडद्याचा आकार-वेग ठरवण्याचे काम टप्प्याटप्प्याने कर्नलकडे आले. कळफलक आणि माउस कर्नल आधीच सांभाळत होता. रेखाटन वर गेले, यंत्र खाली गेले, आणि एक्सकडे राहिली मुख्यतः ने-आण.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर होता. १९८४ च्या विद्यापीठात एकाच माणसाचे प्रोग्रॅम एकमेकांवर विश्वास ठेवतील असे गृहीत धरणे स्वाभाविक होते. त्यामुळे एक्सवर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणाऱ्या कळा ऐकू शकतो आणि पडद्याचे चित्र घेऊ शकतो. पडदा कुलूपबंद करणारा प्रोग्रॅमसुद्धा एक्सच्या लेखी सगळ्यांत वर बसलेली एक साधी खिडकीच. एका खिडकीत बँक आणि शेजारी कुठून तरी उतरवून घेतलेला खेळ, अशा आजच्या वापराला हे गृहीतक पेलत नाही.

वेलँड: मधला थर काढून टाका

रेड हॅटमध्ये एक्सच्याच ग्राफिक्सवर काम करणाऱ्या क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड लिहायला घेतले. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचे. एक्सला पर्याय एक्सच्या आतल्या माणसाने सुरू केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढेही वेलँडवर काम करणारे बरेच लोक एक्स सांभाळणारेच होते.

वेलँडमध्ये कॉम्पोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर. प्रोग्रॅम आपली खिडकी मेमरीत पूर्ण रंगवतो आणि ‘झाले’ एवढे कळवतो. कॉम्पोझिटर फक्त पूर्ण झालेली चित्रे जुळवून कर्नलकडे देतो, म्हणून व्हिडिओ मधेच फाटल्यासारखा दिसत नाही. टिचकी कोणाची हे तोच ठरवतो, कारण खिडक्या कुठे आहेत हे त्यालाच माहीत. शेजारच्या खिडकीतल्या कळा प्रोग्रॅमला ऐकू येत नाहीत. वेलँडची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये आली.

मात्र वेलँड हा एक प्रोग्रॅम नाही, तो बोलण्याच्या नियमांचा संच आहे. ते नियम पाळणारा सर्व्हर प्रत्येक डेस्कटॉपने आपला आपण लिहायचा. जीनोमचा मटर, केडीईचा केविन, आणि लहान प्रकल्पांसाठी डब्ल्यूएलरूट्स नावाची तयार लायब्ररी. एक्सच्या काळात सर्व्हर एक आणि विंडो मॅनेजर अनेक होते, आता सर्व्हरच अनेक झाले. एका ठिकाणी दुरुस्त झालेली गोष्ट दुसरीकडे आपोआप दुरुस्त होत नाही. सुरक्षेसाठी दारे बंद केल्यावर पडद्याचे चित्र घेणे, बैठकीत पडदा दाखवणे, दृष्टिहीनांसाठीची साधने, दुसऱ्या यंत्रावरून काम करणे, या सगळ्यांसाठी नवी, परवानगी विचारणारी दारे बांधावी लागली. पडदा दाखवण्यासाठी पाइपवायर आले, जुन्या प्रोग्रॅमसाठी वेलँडच्या आत चालणारा एक्सवेलँड आला. एनव्हिडिया कंपनीने चित्रांच्या देवाणघेवाणीसाठी इतरांपेक्षा वेगळी पद्धत धरून ठेवली होती. बाकीच्यांची पद्धत तिच्या ड्रायव्हरमध्ये २०२१ मध्ये आली. इतका वेळ का लागला, याचे उत्तर या यादीत आहे. फेडोराने जीनोमसाठी वेलँड पहिली पसंती केली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर आठ वर्षांनी.

मीर: भांडण मालकीचे

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने मार्च २०१३ मध्ये मीर जाहीर केला आणि लिनक्सच्या जगात वादळ उठले. त्याआधी हीच कंपनी वेलँडकडे जाण्याची भाषा करत होती. तिला फोन, टॅबलेट, टीव्ही आणि डेस्कटॉप या सगळ्यांवर एकच उबुंटू हवे होते, तेही आपल्या वेळापत्रकात. दुसऱ्यांच्या सहमतीची वाट पाहण्यापेक्षा आपला सर्व्हर आपण लिहू, असा हिशेब तिने केला.

वेलँडमधल्या त्रुटी म्हणून कॅनॉनिकलने सुरुवातीला जे मुद्दे मांडले, त्यातले काही वेलँडकारांनी खोडून काढले आणि ते मागे घ्यावे लागले. मीरचा परवाना जीपीएलची तिसरी आवृत्ती होता आणि कोड देणाऱ्याला कंपनीशी वेगळा करार करावा लागे. वेलँडचा परवाना त्याहून खूप मोकळा. जीनोम आणि केडीई मीरकडे वळले नाहीत. इंटेलने मीरसाठी लागणारे बदल आपल्या मुख्य ड्रायव्हरमध्ये ठेवायला २०१३ मध्येच नकार दिला. ज्याला एकाच कंपनीचा पाठिंबा आहे, अशा सर्व्हरसाठी कष्ट घ्यायला इतरांना कारण नव्हते.

२०१५ मध्ये उबुंटूचे फोन बाजारात आले, पण चालले नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोनचा आणि मीरवर चालणाऱ्या युनिटी ८ या डेस्कटॉपचा प्रकल्प थांबवल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले उबुंटू जीनोम आणि वेलँड घेऊन आले. मीर मेला नाही. तो वेलँडचे नियम बोलायला शिकला आणि आता माहितीफलक किंवा एकाच कामाच्या छोट्या पडद्यांसाठी कॉम्पोझिटर बनवण्याची लायब्ररी म्हणून जगतो. उत्तम कोड असूनही इतरांचा भरवसा मिळाला नाही तर पडद्याचा कारभार मिळत नाही, एवढे या प्रकरणाने पक्के झाले.

फोन आणि टीव्हीचा वेगळा हिशेब

फोनवाल्यांनी या भांडणाची वाट पाहिली नाही. पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये विक्रीला आला, तेव्हा वेलँड नुकतेच जन्मत होते आणि एक्स फोनसाठी अवजड होता. गुगलने सर्फेसफ्लिंगर लिहिला. फोनवर बहुधा एकच प्रोग्रॅम पूर्ण पडदा व्यापतो आणि वरची पट्टी, खालची बटणे एवढेच थर उरतात. हे थर चिपमधल्या स्वतंत्र भागाकडूनच जुळवून घेतले तर ग्राफिक्स प्रोसेसरला कमी राबावे लागते आणि बॅटरी टिकते. सर्फेसफ्लिंगर जमेल तिथे तसेच करतो.

चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी पडद्याचे ड्रायव्हर केवळ अँड्रॉइडपुरते लिहिले, हा अँड्रॉइडच्या या वेगळ्या वाटेचा परिणाम. योला कंपनीच्या सेलफिश फोनवर २०१३ पासून वेलँड आहे, पण तिथे आणि मीरच्या फोनवरही लिबहायब्रिस नावाची युक्ती वापरून अँड्रॉइडचे ड्रायव्हर चालवावे लागले. म्हणजे कोणता डिस्प्ले सर्व्हर टिकेल हे पुष्कळदा चिपच्या कारखान्यात ठरते.

२०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन आलेल्या जिओफोनमध्ये २.४ इंची पडदा आणि ५१२ एमबी मेमरी होती. फायरफॉक्स ओएसच्या वारशातून आलेल्या काय-ओएसमध्ये सगळे ॲप वेबपानेच असतात. सगळे काही ब्राउझरचे इंजिनच रंगवत असेल, तर पडदाही त्यालाच सांभाळू द्यायचा, वेगळा कारभारी हवा कशाला? इतक्या कमी मेमरीत हा हिशेब बरोबरच होता. टीव्हीवाल्यांना याउलट चित्रपट, ॲप आणि मेनू एकत्र जुळवायचे होते, मोकळ्या परवान्याचे तयार नियम हवे होते. एलजीच्या वेबओएसने आणि सॅमसंगच्या टिझेनने म्हणून वेलँड घेतले.

आज कुठे आहोत

डेस्कटॉपवरचा निकाल आता जवळपास लागला आहे. केडीईच्या प्लाझ्मा ६ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेलँड पहिली पसंती केली. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सर्व मॉडेलांवर वेलँड आणले. २०२५ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून एक्स-डॉट-ऑर्गचा सर्व्हर गेला, आणि ऑक्टोबरातल्या उबुंटू २५.१० मधून जीनोमचे एक्सवरचे सत्र गेले. त्याच वर्षी जूनमध्ये एक्स पुढे चालवण्यासाठी एक्सलिब्रे नावाची नवी शाखाही निघाली. मुक्त कोडाला असा पूर्णविराम कोणी देऊ शकत नाही. एक्सवर लिहिलेले जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून अजून बरीच वर्षे चालतील.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी यात एक समाधानाची बाब आहे. एक्सचे खूप काही टाकून देणाऱ्या वेलँडने कळफलकांचे एक्सकेबी नकाशे मात्र उचलून पुढे नेले. सरकारी प्रमाण असलेल्या इनस्क्रिप्टची मराठी मांडणी त्यात आहे, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच चालते. रोमन अक्षरे मारून मराठी उमटवणाऱ्या पद्धतींचे तसे नाही. त्या आयबससारख्या वेगळ्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतात आणि दुसऱ्याच्या खिडकीत अक्षर घालण्यासाठी त्यांना कॉम्पोझिटरची परवानगी लागते. जीनोममध्ये ही जोडणी आपोआप होते. केडीईमध्ये मात्र सेटिंग्जमधल्या कळफलक विभागात जाऊन व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणून आयबस वेलँड निवडावे लागते. वेलँडवर मराठी टाइप होत नाही अशी तक्रार कानावर आली, तर पहिली तपासणी इथे करावी.

आपले यंत्र काय वापरते हे पाहायचे असेल, तर जीनोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टिम’ या नावापुढे एक्स-११ किंवा वेलँड लिहिलेले दिसते. शाळा-महाविद्यालयांच्या संगणककक्षासाठी निवड करायची झाली, तर नव्या यंत्रांवर बिनधास्त वेलँड असलेली प्रणाली घ्यावी, कारण यापुढचे काम आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मुख्यतः तिकडेच होणार. दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे असतील, किंवा एका मोठ्या संगणकावर अनेक जुने पीसी जोडून कक्ष चालवायचा असेल, तर एक्सवर चालणारे लिनक्स मिंटचे सिनॅमन किंवा एक्सएफसीई आजही उपयोगी आहे. बसवण्यापूर्वी तीन गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात: मराठी टायपिंग, प्रोजेक्टर आणि ऑनलाइन तासाला पडदा दाखवणे. या तिन्ही नीट चालल्या, तर खाली कोणता सर्व्हर आहे यावरून वाद घालत बसण्याचे कारण उरत नाही.